दूध तोडणं, दूध विसरवणं

या मालिकेत आपण किल्ल्यांवर बोललो, बंदरांवर बोललो, दुष्काळावर तर तीन भाग केले. आजचा विषय घरातला आहे. इतका घरातला की त्याचा इतिहास असतो हेच आपल्या लक्षात येत नाही. अंगावरचं दूध, आणि ते थांबतं तेव्हा काय होतं, हा तो विषय.

आधी शब्दांकडे बघू. मराठीत आपण बाळाला ‘अंगावर पाजतो’, आईला ‘पान्हा फुटतो’, आणि मूल मोठं झालं की त्याला ‘अंगावरून तोडतो’. तोडणं! फांदी तोडावी, नातं तोडावं, तसं दूध तोडायचं. मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आले, पण तो कानाला खुपला चेन्नईजवळच्या आवडीला राहायला गेल्यावर. कारण तमिळमध्ये याच गोष्टीला म्हणतात ‘पाल् मरक्कडिक्किरदु’. पाल् म्हणजे दूध, आणि पुढचा शब्द म्हणजे विसरायला लावणं. आपण दूध तोडतो, ते दूध विसरवतात. आपल्या शब्दात कर्ती आई आहे आणि तिच्या हातात जणू कोयता आहे. त्यांच्याही शब्दात कर्ती आईच आहे, पण काम बाळाच्या मनात चाललंय. या एका फरकावरून दोन समाजांचे स्वभाव सांगायला मी जाणार नाही, तसले निष्कर्ष फार स्वस्त असतात. पण शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता आवडी. ‘कुठे असता?’ ‘आवडीला.’ हे सांगितल्यावर महाराष्ट्रातले नातेवाईक हसतातच. तुकोबांच्या घरची आवली आठवते कुणाला, कुणाला आवडीचा पदार्थ. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमच्या दिशेने लोकल पकडली की पेरंबूर, विल्लिवाक्कम, अंबत्तूर आणि मग आवडी. देशाच्या राजकीय इतिहासात हे नाव येतं जानेवारी १९५५ मुळे. उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं आणि ‘समाजवादी धर्तीच्या समाजरचने’चा ठराव झाला. पुढे साठच्या दशकात इथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. १९६५ साली ‘विजयंता’ रणगाडा इथूनच बाहेर पडला. जवानांच्या कपड्यांचाही कारखाना आहे. आवडी हे नाव म्हणजे चिलखती गाड्यांच्या डेपोच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, असं तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. विश्वास ठेवू नका, गावांची नावं अशी पडत नसतात. जुने लोक सांगतात ते मला जास्त पटतं: तमिळमध्ये ‘आ’ म्हणजे गाय, आणि हे गाईंचं ठिकाण. तमिळनाडूच्या सहकारी दुधाचं नाव ‘आविन’ आहे, त्यातला ‘आ’ हाच. दुधाचा इतिहास सांगायला गाव बरं सापडलं म्हणायचं.

संरक्षण कारखाने असतात तिथे मराठी माणूस असतोच. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, भद्रावती असे आपल्याकडे कारखाने आहेत, त्यांच्या बदल्यांतून कुणी जबलपूरला जातं, कुणी आवडीला. आम्ही अंबरनाथचे. मुलगी फेब्रुवारी २०१६ मध्ये माझ्या माहेरी झाली, आणि ती चार महिन्यांची असताना आम्ही आवडीला क्वार्टरमध्ये आलो. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशेपा हे सगळं आईने अंगी लावून पाठवलं होतं. दुधाला तोटा नव्हता.

शेजारी एक तमिळ आजी होत्या. तिकडे आजीला पाट्टी म्हणतात, मीही पाट्टीच म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलीच्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, वसंबु कुठाय? वसंबु म्हणजे आपलं वेखंड. तिकडे वेखंडाचे मणी बाळाच्या हातात बांधतात, आणि संध्याकाळनंतर त्याचं नाव घेत नाहीत, ‘नाव न सांगायचं औषध’ म्हणतात. मी माझी गुटीची सहाण काढून दाखवली. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा. पाट्टींनी एकेक उचलून हुंगलं आणि मान डोलावली. त्यांच्याकडेही उगाळायचं औषध असतं, जिन्नस बरेचसे हेच. मग त्यांनी आतून एक छोटं चांदीचं भांडं आणलं, एका बाजूला चोच काढलेलं. ‘पालाडै’. मी म्हटलं, हे तर बोंडलं! आमच्या आजोळी पितळेचं होतं. बाटली येण्याआधी ज्या बाळाला ओढता येत नसे किंवा जिला दूध नसे, तिथे हेच भांडं. आज नवजात शिशूंच्या विभागात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डॉक्टर पालाडैनेच दूध पाजायला सांगतात, कारण बाटलीचं बूच स्वच्छ ठेवणं अवघड आणि चोचीचं भांडं उकळणं सोपं. बोंडलं मात्र आपल्याकडे माळ्यावर गेलं.

जुने ग्रंथ याबद्दल काय म्हणतात हे हल्ली सगळे विचारतात, म्हणून सांगते. सुश्रुतसंहिता सहाव्या महिन्यात हलकं अन्न सुरू करायला सांगते. काश्यपसंहिता, म्हणजे बालरोगांवरचा जुना ग्रंथ, सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न म्हणते. आपलं उष्टावण त्याच परंपरेतलं. जागतिक आरोग्य संघटना चार ते सहा महिने असं मोघम सांगत होती. पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, हा ठराव जागतिक आरोग्य सभेत २००१ साली झाला. लगेच टाळ्या वाजवू नका. तोच सुश्रुत म्हणतो की बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, म्हणून तोवर बाळाला मध-तूप चाटवावं. आपल्याकडचा चीक पिळून टाकायचा रिवाज आणि तमिळ घरांतली ‘सेनै’, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाच्या जिभेवर गोड थेंब, हे सगळं त्याच समजुतीचं नातलग आहे. आजचं वैद्यक सांगतं की तासाभरात बाळाला अंगावर घ्या, तो पिवळा चीक म्हणजे पहिली लस आहे. ग्रंथातलं सोयीचं तेवढं उचलायचं असेल तर इतिहास कशाला वाचायचा?

तंजावरचा उल्लेख केल्याशिवाय तमिळनाडूबद्दलचा मराठी कार्यक्रम पुरा होत नाही. सरफोजी राजे दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२. यांनी वैद्यकाची मोठी हौस केली. धन्वंतरी महालात औषधं तयार होत, अनुभवलेले उपाय तमिळ पद्यांत लिहवून घेतले, आणि त्या संग्रहात गर्भिणी आणि बालरोग यांचाही भाग आहे. मराठी राजा, तमिळ पद्यं, विषय बाळंतिणीचा. मला हे फार गोड वाटतं, पण इथे थांबायला वेळ नाही.

थांबायचंय ते दुसऱ्या एका बाईपाशी. धाराऊ. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावर. सईबाई आजारी, अंगावर दूध नाही. तेव्हा पायथ्याच्या कापूरहोळची धाराऊ गाडे हिला दूधआई म्हणून आणलं. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. सईबाई १६५९ मध्ये गेल्या. ही हकिगत आपण नेहमी निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो. मी ती पाजणाऱ्या बाईच्या बाजूने ऐकायला लागले तेव्हा हिशेब दिसला: दूध येतं कारण आपलंही बाळ लहान असतं. एका अंगावर दोघं. राजाच्या घरी ते मानाचं झालं, तिला मान मिळालाही. पण सगळ्या दूधआयांच्या वाट्याला पुरंदर नव्हता. पुढे मद्रास आणि मुंबईतल्या इंग्रजांच्या बंगल्यांत ‘आमा’ ठेवली जाई. हा शब्द पोर्तुगीज, अर्थ दूध पाजणारी दाई. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो मद्रास आणि मुंबईकडचा म्हणून नोंदलेला आहे. आपली ‘आया’ही पोर्तुगीजच. तिथे दूध हा पगारी मालच होता, आणि अशा बाईचं स्वतःचं मूल बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती.

आता हिरकणी. कोजागरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि गवळण कडा उतरून जाते. ही लोककथा आहे, बुरूज मात्र खरा आहे. आपण त्या बाईचं नाव बुरुजाला दिलं, मग एसटीच्या निमआराम गाडीला दिलं, आणि आता बसस्थानकावरच्या स्तनपानाच्या खोलीलाही ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. कथेत सगळ्यांना तिचं धाडस दिसतं. मला दरवाजा दिसतो. कामाला आलेल्या बाईला तान्हं बाळ आहे हे माहीत असून दरवाजा उघडत नाही, कारण नियम. हा प्रश्न रायगडावर संपला नाही. तो गिरण्यांत आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई डोळ्यांसमोर आणा. परळ, लालबाग, भायखळा. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेल्या बाया रिळांच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत कामाला. १९२२ च्या कायद्याने दिवस जास्तीत जास्त ११ तासांचा केला, म्हणजे आधी काय असेल ते समजा. बाळंतपणाची पगारी रजा नाही. शेवटच्या दिवसापर्यंत काम करायचं आणि शक्य तितक्या लवकर परत यायचं. मग तान्ह्याचं काय? बाळगोळी. म्हणजे अफूची गोळी. सकाळी आई कामाला निघताना बाळाला गोळी द्यायची, बाळ झोपून राहायचं, चाळीतली म्हातारी शेजारीण अधूनमधून बघायची, आई संध्याकाळी येऊन पाजायची. गिरणीतल्या बायकांची स्थिती तपासायला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरीण बाईंना नेमलं होतं. १९२२ च्या सुमाराच्या त्यांच्या अहवालातला आकडा आहे ९८ टक्के. गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती.

हा आकडा वाचल्यावर त्या बायांना अडाणी म्हणणारे तेव्हाही होते. मी म्हणणार नाही. अफू घेतलेलं बाळ रडत नाही, भूक मागत नाही, आणि मागत नाही म्हणून वाळत जातं. आणि दुसऱ्या टोकाला, आईची छाती दिवसभर भरते, दुखते, लुगडं ओलं होतं, आणि शरीराला कळतं की दूध लागत नाहीये. अंगावरच्या दुधाचा नियम विहिरीसारखा आहे, उपसलं तर झरे चालू राहतात. स्तन पूर्ण रिकामा होत नाही तेव्हा दूध बनण्याचा वेग कमी होतो. म्हणजे गोळी एकाच वेळी बाळाची भूक मारत होती आणि आईचं दूध. त्या काळी कुणी त्याला ‘तोडणं’ म्हटलं नसेल. पण तोडणंच होतं ते.

कायद्याची लढाई इथून सुरू होते आणि त्यात आपली माणसं आहेत. ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती रजेचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. मग मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांचा मुद्दा दयेचा नव्हता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलावा. पण मालकाला बायकांना कामावर ठेवण्यात फायदा दिसतो म्हणूनच तो ठेवतो, तेव्हा त्यालाही जबाबदारी टाळता येणार नाही, असा तो युक्तिवाद. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. सात आठवडे, तीन आधी आणि चार नंतर. मद्रास प्रांताचा कायदा १९३४ चा. सात आठवडे आज हास्यास्पद वाटतात, पण शून्यावरून सात ही उडी सातावरून सव्विसाच्या उडीपेक्षा मोठी होती असं माझं मत आहे.

आता सव्विसाचं ऐका. १९६१ चा देशव्यापी कायदा १२ आठवड्यांचा होता. त्यातच एक कलम होतं जे फार कमी जणींना माहीत असायचं: बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, रोज दोन जादा सुट्ट्या, फक्त पाजण्यासाठी. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली, १ एप्रिल २०१७ पासून. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा.

माझी मुलगी त्या १ एप्रिलला जवळजवळ १४ महिन्यांची होती. जानेवारीत मी तिथल्या एका खासगी शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागले होते, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला. शाळेचं नाव सांगायचं कारण नाही, तशा शाळा सगळीकडे आहेत. मी ते कलम घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, मॅडम, कायद्यात ‘परतलेल्या’ लिहिलंय, तुम्ही तर नव्याने आलात. शब्दाला शब्द धरला तर बरोबरच होतं त्यांचं! नागरिकशास्त्राच्या शिक्षिकेला नागरिकशास्त्र शिकवलं. मग मी मधल्या सुट्टीत नकाशे ठेवायच्या खोलीत, गुंडाळलेल्या आशिया खंडाच्या आडोशाला उभी राहून पंपाने दूध काढायचे. ठेवायला फ्रीज नव्हता, त्यामुळे बरेचदा ते बेसिनमध्ये ओतावं लागायचं. पहिल्यांदा ओतलं तेव्हा रडू आलं, नंतर सवय झाली. सवय झाली याचं जास्त वाईट वाटलं.

त्याच्या एक महिना आधी मात्र त्याच दुधाने आम्हाला तारलं होतं. १२ डिसेंबर २०१६ ला वर्दा वादळ चेन्नईवर आलं. झाडं रस्त्यावर आडवी, खांब वाकलेले, आमच्याकडे वीज दोन दिवस नाही, पंप बंद म्हणून पाणी नाही, आविनचं निळं पाकीट नाही. नोटाबंदीचे दिवस, हातात सुटे पैसेही नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईचं बाळ डब्याच्या दुधावर होतं. ती उकळलेल्या पाण्यासाठी दारोदार फिरली. पावडर होती तिच्याकडे, पाणीच नव्हतं. माझी मुलगी अंधारात अंगावर पीत पडली होती. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

डब्याच्या दुधाचा सगळा वादच या पाण्यापाशी आहे. १८६७ च्या सुमाराला युरोपात लीबिग आणि नेस्ले यांची बाळान्नं आली. आपल्याकडे ‘ग्लॅक्सो बेबी’ हा तर वाक्प्रचार झाला, गुटगुटीत बाळ म्हणजे ग्लॅक्सो बेबी. जाहिरातीने आईला दूध कमी पडतं असं नाही सांगितलं, फक्त डब्यावर गोरंगोमटं बाळ छापलं, तेवढं पुरलं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीण बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण केलं, विषय ‘दूध आणि खून’. गोड केलेलं डब्याचं दूध विकण्याबद्दल त्या इतक्या थेट बोलल्या. सत्तरच्या दशकात नेस्लेवर बहिष्काराची चळवळ झाली, आणि मे १९८१ मध्ये जिनिव्हाला जागतिक आरोग्य सभेने डब्याच्या दुधाच्या विक्रीवर आचारसंहिता मंजूर केली. त्याच सभेत इंदिरा गांधींचं भाषण झालं होतं. संहितेच्या विरोधात मत एकच पडलं, अमेरिकेचं. भारताचा कायदा १९९२ चा. डब्यावर बाळाचा फोटो छापायला बंदी त्यानेच आली. त्यासाठी झगडलेली स्तनपान प्रसाराची राष्ट्रीय संघटना १९९१ मध्ये वर्ध्याला सुरू झाली. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुधाची पेढी उघडली. बाया दूध देतात, ते तपासून, तापवून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात. धाराऊच आहे ती, पण तिचं स्वतःचं बाळ उपाशी न ठेवता.

एक सांगायलाच हवं. ज्या आईला दूध येत नाही, जी औषधांवर आहे, जी दमली आहे, तिच्यासाठी डब्याचं दूध पाप नाही. भांडण जाहिरातीशी होतं.

आणि आता तो शब्द. मे २०१७. मुलगी १५ महिन्यांची, नाचणीचं सत्त्व खायची, मऊ भात-तूप खायची, पाट्टींच्या हातची इडली तर पळत जाऊन खायची. जूनपासून मला पूर्ण वेळ शिकवायचं होतं, आणि रात्री पाच-पाच वेळा उठून मी थकले होते. मी थांबवायचं ठरवलं. आईने फोनवर सांगितलं, कडुनिंबाचा पाला वाटून लाव, नाहीतर कोरफड, दोन दिवसांत तोंड फिरवते बघ. आजीने आईला तसंच तोडलं होतं, आईने मला. पाट्टींनाही कडुनिंब माहीत होता, पण त्या म्हणाल्या, ते पिल्लाला. तुझं काय? तुला गाठी होतील. आणि त्या स्टेशनजवळच्या बाजारातून मल्लिप्पू घेऊन आल्या. मल्लिप्पू म्हणजे आपला मोगरा. तिकडे फुलवाली गजरा मुळमाने मोजते, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम. आपला ‘हात’च तो. मेमध्ये मोगऱ्याचा भर, भाव उतरलेला. पाट्टी म्हणाल्या, ही डोक्यात नाही माळायची, दोन्ही बाजूंना आत बांधून ठेव, कोमेजली की बदल.

मी म्हटलं, फुलांनी दूध कसं थांबेल? आणि मग इतिहासाच्या माणसाने करायचं ते केलं, शोधायला बसले. आवडीहून त्याच रेल्वेमार्गावर पुढे काटपाडी लागतं, तिथून वेल्लोर जवळ. १९०० साली आयडा स्कडर यांनी सुरू केलेल्या दवाखान्यातून वाढलेलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तिथे आहे. तिथल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रयोग केला होता. निबंध १९८८ चा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका स्त्रीरोग नियतकालिकात छापलेला. बाळंतपणानंतर लगेच ज्यांचं दूध थांबवणं भाग होतं अशा बायका घेतल्या. अशी वेळ कोणत्या आईवर येते, ते सांगायला नको. काहींना ब्रोमोक्रिप्टीन हे औषध दिलं, काहींच्या छातीवर मोगऱ्याचे गजरे चिकटवले. रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला सांगणारं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, औषधाने जास्त. पण छाती दाटणं, दूध येणं, वेदनाशामक किती लागलं, या हिशेबांत दोन्ही सारखेच ठरले. उलट औषध घेतलेल्या काही जणींना नंतर पुन्हा दूध आलं. पुढे नव्वदच्या दशकात अमेरिकेत ते औषध दूध थांबवण्यासाठी देणं बंद झालं, कारण झटके आणि पक्षाघाताच्या तक्रारी.

हा प्रयोग नुकत्याच बाळंत झालेल्यांवरचा होता, पंधरा महिन्यांनी तोडणाऱ्या माझ्यासारखीवर नाही, त्यामुळे तो माझ्याबद्दल काही सिद्ध करत नाही. एवढी शिस्त पाळली पाहिजे. पण पाट्टी दोन इयत्ता शिकलेल्या होत्या, आणि त्यांना जे माहीत होतं ते तपासावंसं वेल्लोरच्या डॉक्टरांना वाटलं, ही गोष्ट मला आवडली.

मी कडुनिंब लावला नाही. तिला कडू लागावं असं वाटेना. रात्रीचं आधी थांबवलं, मग दुपारचं, आणि शेवटी सकाळचं एकच राहिलं तेव्हा मोगरा बांधला. चार दिवस. दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली होती, थोडं पिळून काढावं लागलं, चौथ्या दिवशी मऊ पडली. गजरा संध्याकाळी काढला की तपकिरी झालेला असायचा आणि त्याला मोगऱ्याचा नाही, आंबूस वास यायचा. मुलगी जवळ यायची, नाक लावायची, आणि ‘पू’ म्हणायची. पू म्हणजे तमिळमध्ये फूल. ‘दुदू’ म्हणायची ती, ते चौथ्या दिवसापासून कमी झालं. एका रात्री मात्र दीड तास रडली, आणि तिच्या बाबांनी तिला खांद्यावर घेऊन क्वार्टरच्या गल्लीत फेऱ्या मारल्या. विसरणं एवढं सोपं नसतं. आता ती शाळेत जाते, तिला यातलं काही आठवत नाही. मोगरा तिला आवडत नाही, पण त्याचा याच्याशी संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही.

तमिळनाडूत ऑगस्ट २०१५ पासून बसस्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी खोल्या सुरू झाल्या, महाराष्ट्रात हिरकणी कक्ष आहेत. कुलूप कुठल्या खोलीला लावलेलं असतं आणि किल्ली कुणाकडे असते, हे प्रवासात बघत जा.

तुमच्याकडे दूध तोडताना काय लावायचे, काय बांधायचे, कोणता वार बघायचे, हे आजीला, आईला विचारून जरूर लिहा. गावाचं नाव आणि साधारण साल घाला. विदर्भातलं, कोकणातलं, बेळगावकडचं, गोव्यातलं, सगळं हवंय. पुढच्या भागात गिरणगावातल्या खाणावळी.